कपाटाची किल्ली

सप्टेंबर उतरला की आमच्या दिंडोरी तालुक्यात गोडी छाटणीची घाई उठते. पहाटे पाचलाच वणीच्या चौकात, दिंडोरीत, पिंपळगावला माणसं येऊन उभी राहतात. सुरगाण्याची, पेठची, हरसूलकडची कोकणा, वारली, महादेव कोळी माणसं. काही पार गुजरातच्या डांगातली. बायांच्या डोक्यावर बोचकं, त्यात तांदूळ, नागलीचं पीठ, एखादं पातेलं. आपण गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि विचारायचं, "काय भाव?" त्याला आम्ही मजुरांचा बाजार म्हणतो. मी चाळीस वर्षं म्हणत आलो. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कधी वाटलं नाही.

द्राक्षबाग म्हणजे हातांचं काम. फवारणी ट्रॅक्टरने होते, पण काडीवरचा डोळा बघून कुठे कापायचं ते हातालाच कळतं. छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची, मग फेलफूट काढायची, घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मण्यांची विरळणी करायची, शेवटी काढणी आणि पॅकिंग. चार-पाच महिने बागेत माणूस लागतं आणि घरच्या माणसांनी ते उरकत नाही. नाशिकच्या द्राक्षांचं नाव युरोपात झालं ते खरं, पण त्या घडावर हात फिरलेला माणूस बहुतेक वेळा दिंडोरीचा नसतो.

तसे आम्हीही दिंडोरीचे नाही. 1972च्या दुष्काळात आबा, म्हणजे माझे वडील, नांदगावकडून इकडे आले. तिकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडून पोट भरेना. दिंडोरीला पाणी आहे, बागायत आहे, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मी चार वर्षांचा होतो. एका पाटलाच्या मळ्यात आबा सालाने राहिले. गावात आमच्या घराला नाव पडलं 'दुष्काळी'. शाळेत सातवीपर्यंत मी 'दुष्काळ्याचा पोऱ्या' होतो. पुढे आबांनी तुकड्या-तुकड्याने जमीन घेतली, बाग लावली, मग ते नाव हळूहळू गेलं. कधी गेलं ते आठवत नाही. बहुतेक बागेला पहिला चांगला भाव मिळाला, त्या वर्षी गेलं असावं.

मधली एक गोष्ट सांगून पुढे जातो. फेब्रुवारी 2008. काढणी ऐन भरात होती. मुंबईत उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं, राज ठाकरे यांना अटक झाली आणि नाशकात दगडफेक, मारहाण सुरू झाली. नाशिकरोड स्टेशनवर बोचकी घेतलेल्या मजुरांची रीघ लागली. ओझरच्या एचएएल कारखान्यातला एक कर्मचारी त्याच दगडफेकीत गेला. कंपनीच्या बसवर दगड आला, तो त्याला लागला. माणूस मराठीच होता. माझ्याकडे तेव्हा बिहारचे चौघे होते. त्यांना मी पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटच्या आड बसवून रात्री स्टेशनवर सोडलं. ही गोष्ट मी गावात पुष्कळ वेळा सांगितली आहे. लोक मान डोलावतात. त्यातला एक भाग मात्र मी सांगत नाही. त्यांचा पंधरा दिवसांचा हिशोब बाकी होता. "परत आले की घ्या," असं मी म्हणालो होतो. ते परत आले नाहीत आणि मीही शोधलं नाही.

आता खरी गोष्ट.

2024च्या हंगामात सुरगाण्याची माणसं कमी पडली. तिकडे बोरगाव-घागबारीच्या बाजूला लोक आता स्वतःची स्ट्रॉबेरी लावतात. त्यांना आमच्या बागेत यायची पहिल्यासारखी गरज राहिलेली नाही, आणि जे येतात ते भाव करून येतात. चांगलीच गोष्ट आहे, पण माझ्या पाच एकरांचं काय? एका पॅकहाउसवर सहा वर्षं काम केलेला मालद्याचा मुकादम ओळखीचा झाला होता. त्याने नोव्हेंबरात अकरा पोरं आणली. पश्चिम बंगालचा मालदा जिल्हा. आठ मुसलमान, तीन हिंदू. सगळ्यात धाकटा एकोणीस वर्षांचा. एकरी उक्ता भाव सुरगाण्यापेक्षा कमी. पंपहाउसशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी चूल मांडली.

माणशी सहा हजार उचल दिली. शेजारच्या मळ्यातली एक टोळी आदल्या वर्षी उचल घेऊन रातोरात निघून गेली होती. म्हणून मी अकरांची आधारकार्डं मागून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि घरातल्या लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली माझ्या जुडग्यात. आमच्याकडे बरेच जण असं करतात. हे कायद्यात बसत नाही, ते मला ठाऊक होतं. मुकादम तेव्हा म्हणाला होता, "दादा, कार्ड पास में रहना चाहिए." मी म्हणालो, "कशाला पाहिजे? इथे कोण विचारतंय?"

पोरं कामाला चांगली. विरळणीचा हात इतका हलका की बघत राहावं. धाकटा थोडा बोलका होता, हिंदी-मराठी एकत्र करून बोलायचा. त्याच्या जिल्ह्यात आंबा मोठा. आणि महदीपूरची सीमा. तिथून माल बांगलादेशात जातो. तो म्हणायचा, "आपका नासिक का गाडी हमारे उधर खड़ा रहता है, दो-दो दिन. कांदा, अंगूर." खरंच आहे ते. बांगलादेश आमच्या द्राक्षांचं मोठं गिऱ्हाईक. तिकडच्या सरकारने आयात शुल्क चढवत नेलं, तेव्हा आमच्याकडे भाव पडले आणि दिल्लीने बांगलादेशाशी बोलावं म्हणून आम्हीच ओरड केली. व्यापारी बागेत येऊन घड हातात धरून सांगतो, हा युरोपचा, हा बांगलादेशचा, हा लोकलचा. माल तिकडे गेला पाहिजे, असंच आम्हा सगळ्यांना वाटतं.

धाकट्याचं घर गंगेकाठी. काठ म्हणजे काय, ते मला त्याच्याकडून कळलं. आमची कादवा पावसाळ्यात फुगते आणि उतरते. त्यांची गंगा काठ खाते. फरक्काचं धरण 1975ला झालं, तेव्हापासून वरच्या अंगाला मालद्यात आणि खालच्या अंगाला मुर्शिदाबादेत नदीने गावंच्या गावं नेली, असं तिकडची माणसं सांगतात. याचं घर चार वेळा मागे सरकलं होतं. शेत पहिल्याच वेळी गेलं. "शाळा?" मी विचारलं. "वो भी नदी में," तो म्हणाला आणि हसला.

त्या हिवाळ्यात हवाच वेगळी होती. मुंबईत 16 जानेवारी 2025ला सैफ अली खानवर चाकूहल्ला झाला आणि पकडलेला माणूस बांगलादेशातून चोरून आलेला आहे, असं पोलिसांनी सांगितलं. मालेगावच्या जन्मदाखल्यांच्या चौकशीला विशेष तपास पथक बसलं. नाशकात आडगावकडच्या एका बांधकामावर बांगलादेशी मजूर पकडले गेले. हे काही सगळं बाजारगप्पांचं नव्हतं. माणसं सीमा चोरून येतात, खोटे कागद करतात, ते करून देणारे दलाल इथलेच असतात. पकडणं हे पोलिसांचं काम आहे आणि ते त्यांनी करावं, असं मला तेव्हाही वाटत होतं, आताही वाटतं. पण मोबाइलवर ते येईपर्यंत त्याचा आकार बदलतो. पारावर पोरं बोलू लागली, "नाना, तुमच्याकडचे कुठले?" मी म्हणायचो, "मालद्याचे." "म्हणजे बांगलादेशच ना?" मी हसून सोडून द्यायचो. हसण्यावारी न्यायला नको होतं.

पोरांचाही एक राग होता, तो खोटा नव्हता. गावातल्या दोघा-तिघांचं पॅकहाउसवरचं काम सुटलं होतं. त्यांच्या जागी बाहेरची टोळी उक्त्यावर आली होती, कमी पैशात. बाप पाच एकरांचा बागायतदार, पोरगा बारावी करून क्रेट उचलणार आणि तेही मिळेना. भाव पाडतो कोण? उक्ता देणारे आम्हीच. पण आमच्यावर चिडता येत नाही, आम्ही त्यांचे काके-मामे.

फेब्रुवारीत मी पुतणीच्या हळदीला नाशकात होतो. रात्री दहाला शेजाऱ्याचा फोन आला. "नाना, तुझ्या मळ्यावर पोरं जमू राहिली. लवकर ये."

मग माझ्या फोनवर तो फोटोही आला. माझंच शेड, दोरीवर वाळत घातलेल्या लुंग्या, पाठमोरी तीन पोरं. खाली लिहिलेलं, 'दिंडोरी तालुक्यात बांगलादेशी घुसले, मळेवाले झोपेत.' फोटो माझ्या बागेच्या बांधावरून काढलेला. त्या बांधावरून वापर आमच्या भाऊबंदांचाच आहे.

नाशिकहून दिंडोरी पंचवीसेक किलोमीटर, पुढे आमचा मळा. त्या रस्त्यावर मला राईनपाड्याशिवाय दुसरं काही सुचेना. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं ते गाव. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं लोकांनी धरली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडली आणि मारून टाकली. ती माणसं मराठी बोलणारी. त्याच दिवशी मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, ते पोलिसांमुळे वाचलं. राईनपाडा काही राक्षसांचं गाव नाही. आमच्यासारखंच गाव आहे. गाडी चालवताना माझा हात पुन्हा पुन्हा जुडग्याकडे जात होता.

मळ्यावर वीस-पंचवीस पोरं होती. मोटारसायकलींचे दिवे शेडवर लावलेले. मालद्याची सहा पोरं ओळीने उकिडवी बसवलेली. बाकीची पाच बागेत पळाली होती. एकाच्या ओठातून रक्त येत होतं. पोलीस पाटील मध्ये उभे होते, हात पसरून, एकटे. सत्तरीचा माणूस. "नाना आला, नाना आला, थांबा आता," असं ते म्हणत होते, पण आवाज बसला होता.

कागद मागितले होते. पोरांनी सांगितलं, कार्ड मालकाच्या कपाटात आहे. ते कोणाला पटलं नाही. मग एकाने राष्ट्रगीत म्हणायला लावलं. आता गंमत अशी की ते गीत रवींद्रनाथांनी बंगालीतच लिहिलेलं. बंगाली पोरगा ते म्हणतो ते बंगाली उच्चारांनी. पहिल्याच शब्दाला 'अ'चा 'ओ' झाला आणि आमची पोरं हसली. "धड म्हणता येत नाही, बघा." थप्पड बसली ती तेव्हा.

मी घरात गेलो. कपाट उघडताना किल्ली लागेना, हात थरथरत होते. पिशवी आणून पोलीस पाटलांच्या हातात दिली. त्यांनी मोबाइलच्या उजेडात पहिलं कार्ड धरलं. मागून एक पोरगा ओरडला, "बघा, बांगलादेशी भाषेत छापलंय!" आधारकार्ड इंग्रजीत आणि त्या-त्या राज्याच्या भाषेत छापतात. आपलं मराठीत, त्यांचं बंगालीत. पाटलांनी इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला, भारत सरकार, पश्चिम बंगाल, मालदा. मग नावं वाचायला लागले. हिंदू नाव आलं की आमच्यातलाच कोणीतरी म्हणे, "हा उठू दे." तो पोरगा उठून बाजूला व्हायचा, मान खाली घालून, राहिलेल्यांकडे न बघता. दोघे असे उठले. चौघे बसून राहिले. हे मी बघत होतो आणि तरीही लगेच काही बोललो नाही. बोललो ते नंतर.

एक पोरगा, आमच्या भाऊबंदातला, त्या हंगामात काम सुटलेला, शांतपणे म्हणाला, "नाना, आधार नागरिकत्वाचा पुरावा नसतो. मी वाचलंय." आणि तो बरोबर बोलत होता. आधारच्या कायद्यातच तसं लिहिलेलं आहे.

"मग तू दाखव तुझा," मी म्हणालो.

"माझा जन्मदाखला आहे, दिंडोरीचा."

"माझा नाही," मी म्हणालो. "माझा शाळेचा दाखला आहे. त्यावर जन्मतारीख 1 जून आहे. मास्तरांनी घातलेली."

माझ्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो. दोघे-तिघे हसले. बहुतेक त्या हसण्यानेच जरा सैल झालं. मी सगळ्यांना सांगितलं, कार्डं मी कपाटात ठेवली होती, चूक माझी आहे, मारायचं तर मला मारा. शेवटचं वाक्य जरा नाटकीच होतं. आपल्याला कोणी मारणार नाही, हे मला माहीत होतं. सकाळी पोलिसांना बोलवायचं ठरलं आणि मोटारसायकली हलल्या. जाताना माझा सख्खा पुतण्या माझ्याकडे न बघता गेला.

सकाळी पोलीस आले, नंबर तपासले, मालद्याला फोन लावले, दुपारपर्यंत सगळे कागद खरे निघाले. ते मला परत देत होते. मी म्हटलं, "ज्याचे त्याला द्या." दहा जणांनी आपापलं कार्ड घेतलं. बागेत पळालेल्या पाचांतले चौघे पहाटे परतले होते. धाकटा आला नाही.

आणखी एक गोष्ट सकाळी कळली. बागेच्या दुसऱ्या अंगाला काढणीसाठी आलेली सुरगाण्याची बारा माणसं होती. त्यांच्याकडे कोणी गेलंही नव्हतं. तरी ती सगळी रात्रभर ओढ्याच्या खोबणीत बसून होती, लहान लेकरं घेऊन. त्यांच्यातली म्हातारी वीस वर्षं माझ्या बागेत येते. मी तिला म्हणालो, "मावशी, तुम्ही कशाला पळाला? तुम्हाला कोण काय करणार होतं?"

"दादा, रात्री बॅटऱ्या दिसल्या का आम्ही इचारत नाही, कोणासाठी आल्यात."

मला ते लागलं. या म्हातारीचे पूर्वज या डोंगरात आमच्या कितीतरी आधीपासून आहेत. तरी ती कसते ती वनजमीन तिची आहे म्हणायला 13 डिसेंबर 2005च्या आधीचा पुरावा लागतो, वनहक्क कायद्यात तशी अट आहे. त्यासाठी ती मार्च 2018मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली होती. लाल टोपी, पायाला फोड. त्या मोर्चाचं तेव्हा आम्ही कौतुक केलं होतं. दिंडोरीच्या गावांतूनही माणसं गेली होती. तिच्या नावावर अजून पूर्ण जमीन लागलेली नाही. म्हणजे सुरगाण्याहून माझ्या मळ्यात उतरली तरी ती बाहेरचीच, आणि स्वतःच्या शेतात उभी राहिली तरी कागद दाखव.

मालद्याची पोरं दोन दिवसांत गेली. या वेळी मी पूर्ण हिशोब दिला, उचल कापली नाही. बाग अर्धी तोडायची राहिली होती, ती सुरगाण्याच्या माणसांनी आणि गावातल्या काही पोरांनी उरकली. त्या रात्री आलेल्यांपैकी दोघे त्यात होते. त्यांना मी गावातला पूर्ण भाव दिला. आधीच दिला असता तर? हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही.

दिंडोरीच्या कोर्टातल्या एका वकील मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा लागू असलेला 1946चा परकीय नागरिकांचा कायदा असा होता, की आपण परके नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचं. चोराच्या बाबतीत उलट असतं. पुढे जूनमध्ये पेपरात वाचलं, की मिरा रोडला पकडलेल्या काही बंगाली मजुरांना थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकललं होतं आणि ते मुर्शिदाबाद-बर्धमानचे भारतीय निघाले म्हणून परत आणलं. मी ती बातमी दोनदा वाचली, मग नावं शोधली. आमच्या धाकट्याचं नाव त्यात नव्हतं.

आईला हे सगळं मी मे महिन्यात सांगितलं. तिची ऐंशी उलटली आहे, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. ती भाताचे खडे निवडत होती. कपाटाचं ऐकून तिचा हात थांबला.

"तुझ्या बापाचं रेशनकार्ड असंच होतं," ती म्हणाली.

"कुठे?"

"पाटलाच्या कपाटात. उचल घेतली होती ना, तुझ्या आजारपणाला. दोन वर्षं ठेवलं त्यांनी. धान्य आणायचं म्हटलं का मागायला जायाचं, मग आणून परत द्यायचं." आणि ती पुन्हा खडे निवडायला लागली. आबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते रेशनकार्ड आबांच्या पेटीत आहे, पिवळं पडलेलं, कडा उंदराने खाल्लेल्या. मी काढून पाहिलं. पत्त्याच्या जागी गावाचं नाव आणि त्यापुढे 'मु. पाटलांचा मळा' एवढंच.

धाकट्याचं कार्ड माझ्याकडेच राहिलं. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी त्याने मुकादमाला फोन केला होता. रात्री बागेतून निघाला तो चालत आग्रा रोडला लागला, सकाळी ट्रक मिळाला, पुढे रेल्वे. मी ते कार्ड पाकिटात घालून त्यावरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलं. सोबत चिठ्ठी लिहिली, हिंदीत, आणि राहिलेल्या दिवसांचे पैसे मुकादमाकडे दिल्याचं कळवलं. महिन्याभराने पाकीट परत आलं. पत्त्यावर माणूस नाही. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, वो पता अब पानी में है. कार्ड पुराना है."

यंदा मेपासून पाऊस लागला तो ऑक्टोबरपर्यंत हटलाच नाही. काडी पक्व झाली नाही, छाटणीनंतर कित्येक बागांत घडच निघाले नाहीत, काहींनी बागा तोडल्या. माझ्या पाचांतल्या दोन एकरांत माल आहे, तोही विरळ. बंगालची टोळी बोलवायचा प्रश्नच नव्हता. पहाटे वणीच्या चौकात माणसं उभी होती, गाड्या कमी होत्या. मी काच खाली केली आणि नेहमीचा प्रश्न तोंडात आला, तो गिळून "चला, किती जण आहात?" असं विचारलं. भाव शेवटी करावाच लागला.

मुकादमाकडून मी धाकट्याचा नंबर घेतला. तो आता केरळात बांधकामावर आहे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी फोन लावला. तिकडून "हॅलो" आलं, मागे मिक्सरचा आवाज. मी म्हणालो, "बेटा, दिंडोरी से बोल रहा हूँ. तुम्हारा कार्ड..."

फोन बंद झाला. पुन्हा लावला नाही. परत आलेलं पाकीट मी कपाटातून काढून टेबलाच्या उघड्या खणात ठेवलं आहे, आबांच्या रेशनकार्डाशेजारी.